कडवंचीचें खोरें व तेथील द्राक्षबागा

द्राक्षांचें नांव निघालें कीं आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील शेतकऱ्याची नजर नाशिककडे जाते. फार तर सांगली-सोलापुराकडे. त्या मुलखाची जमीन निराळी, हवा निराळी, पाणी निराळें, तेव्हां ती विद्या आपल्या कामाची नव्हे, असें म्हणून विषय तेथेंच संपतो. परंतु सिंदखेडराजाहून जालन्याच्या रस्त्यास लागलें म्हणजे त्या रस्त्याच्या अंगास, जालना तालुक्यांत, कडवंची नांवाचें एक खेडें आहे. जमीन आपल्याच जातीची, पाऊस आपल्याइतकाच, किंबहुना कांकणभर कमीच. आणि तरीही तेथें द्राक्षाच्या बागा उभ्या आहेत. हें सारें खोरें दोन हजार हेक्टरांच्याही आंत मावतें. त्याची हवा, माती व पाणी यांची हकीकत आम्ही येथें देत आहों. सिंदखेडराजा, देऊळगांवराजा, लोणार या बाजूच्या ज्या शेतकऱ्यांच्या मनांत बागेचा विचार घोळत असेल, त्यांनीं कडवंचीची बाग पाहण्यापूर्वीं कडवंचीचें पाणी पाहावें, असें आमचें सांगणें आहे.

जालना आणि बुलढाणा यांमधील रेघ निसर्गानें ओढलेली नाहीं. १८५३ च्या तहानें वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला आणि जालन्याचा मुलूख निजामाकडे राहिला, तो १९४८ पर्यंत. पुढें १९५६ सालीं बुलढाणा मध्यप्रदेशांतून निघून मुंबई राज्यांत आला. जालना हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजीं झाला. कारभार बदलत गेले, परंतु खालचा काळा पाषाण दोन्हीकडे एकच. इकडची खडकपूर्णा काय, तिकडची दुधना काय, दोन्हींचें पाणी शेवटीं गोदावरीसच मिळतें.

या पठाराला द्राक्षही नवीन नाहीं. चौदाव्या शतकांत मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता दौलताबादेस आला होता. तेथील द्राक्षें व डाळिंबें यांचा उल्लेख करून तीं वर्षांतून दोनदां फळतात, असें त्यानें नमूद केलें. परदेशी पाहुण्याला हें नवल वाटलें यांत आश्चर्य नाहीं. थंड मुलखांत द्राक्षवेल हिवाळ्यांत पानें गाळून झोपी जाते, वसंतांत जागी होते आणि वर्षास एकदांच फळते. दख्खनच्या पठारावर तिला झोप लागेल इतकी थंडीच पडत नाहीं. ती बारा महिने वाढतच राहते, आणि तिला शिस्त लावण्याचें काम माळ्याच्या कात्रीला करावें लागतें. हबशी, साहेबी, फकडी, भोकरी हे जुने दख्खनी वाण याच रीतीनें वाढविले जात. नाशिककडे वेल पांगाऱ्याच्या झाडावर चढविण्याची चाल होती. पुढें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बिनबियांच्या थॉम्सन सीडलेसनें या सर्वांस मागें सारलें. तिच्यांतूनच तासगांवकडील वसंतराव आर्वे यांनीं तास-ए-गणेश आणि सोलापूर जिल्ह्यांतील नान्नजचे नानासाहेब काळे यांनीं सोनाका हा वाण निवडून काढला. दोघेही शेतकरीच, हें आम्ही मुद्दाम सांगतों.

आतां हवेविषयीं. या भागांत वर्षाचा पाऊस सरासरीनें सातशें मिलिमीटरांच्या आसपास, आणि त्यांतील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. समुद्रसपाटीपासून उंची पांचशें-सहाशें मीटर. नोव्हेंबरपासून हवा कोरडी, रात्री गार, दिवस उन्हाचे. द्राक्षाच्या मण्यांत साखर भरण्यास याहून चांगली हवा शोधून सांपडणार नाहीं. म्हणूनच येथील रीत अशी बसली कीं, एप्रिलमध्यें खरड छाटणी करून वेलीला नव्या काड्या फुटूं द्याव्या, पावसाळ्यांत त्या काड्या पिकूं द्याव्या, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करून त्याच काड्यांवर घड घ्यावे, आणि फेब्रुवारी-मार्चमध्यें माल उतरवावा. छाटण्या दोन आणि पीक एक.

फळछाटणीच्या वेळीं परतीचा पाऊस लांबला तर कोंवळ्या फुटींवर केवडा म्हणजे डाऊनी पडतो. पोंग्यापासून फुलोऱ्यापर्यंतचा महिना बागाईतदाराची झोंप घेणारा. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या दिवसांत भुरी असते. पारा आठ-दहा अंशांच्या खालीं उतरला तर मण्याची फुगवण अडते, कधीं मण्यांस तडेही जातात. आणि माल तयार होऊन उभा असतां गारपीट झाली तर कांहींच हातीं राहत नाहीं. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीनें मराठवाडा आणि वऱ्हाड या दोहोंसही हा अनुभव दिला. मोरचूद व चुना यांचें बोर्डो मिश्रण हें डाऊनीवरचें जुनें औषध. १८८५ च्या सुमारास फ्रान्समधील बोर्डोच्या द्राक्षमळ्यांतून तें जगभर गेलें आणि आजही आपल्याकडे चालतें.

हीं संकटें डोळ्यांना दिसतात. न दिसणारें संकट मे महिन्यांतलें. खरड छाटणीनंतर सुमारें चाळीस ते सत्तर दिवसांत नव्या काडीच्या डोळ्यांमध्यें पुढील हंगामाचा घड सूक्ष्म रूपानें तयार होतो. त्या वेळीं बागेंत पाहाल तर नुसता पाला. फूल नाहीं, फळ नाहीं. उन्हाचा कहर आणि विहिरीनें तळ गांठलेला. अशा वेळीं शेतकऱ्यास वाटतें कीं, वेलीवर माल तर नाहीं, थोडें पाणी तोडलें तर काय बिघडेल? किंचित ताण दिल्यानें वाढ आवरते आणि घडनिर्मितीस मदतच होते, हें खरें. परंतु वेल सुकेपर्यंत पाणी तुटलें तर काडींत घड धरत नाहीं. बिघडलें तें ऑक्टोबरच्या छाटणीनंतर कळतें, जेव्हां फुटीबरोबर घड निघत नाहींत किंवा निघालेले जिरतात. औषध, खत, मजुरी यांचा सारा खर्च पुढें व्हावयाचा तो होतोच. द्राक्षबागेचें वर्ष मे महिन्याच्या पाण्यावर ठरतें. आपल्या भागांत नेमकें तेंच पाणी नसतें.

मातीचें म्हणाल तर कडवंचीची माती आपल्यास ओळखीचीच. डोंगरउतारावर बरड व मुरमाड, मध्यें हलकी ते मध्यम, नाल्याकांठीं काळी व खोल. कापूस-ज्वारीच्या हिशेबानें पाहणारा शेतकरी खालच्या काळ्या जमिनीला चांगली म्हणेल आणि वरच्या मुरमाडाला नांवें ठेवील. द्राक्षाचा हिशेब उलटा आहे. त्याच्या मुळांस पाणी हवें, तसा वाराही हवा. भारी काळ्या चिकण जमिनींत पावसाळ्याचें पाणी तुंबलें कीं मुळें गुदमरतात आणि चुनखडी असेल तेथें पानें पिवळीं पडतात. मध्यम, निचऱ्याची, खालीं मऊ मुरूम असलेली जमीन या पिकास मानवते. चर खोदून त्यांत शेणखत भरलें आणि ठिबकानें पाणी दिलें म्हणजे जी जमीन बाजरीलाही धड पुरत नव्हती ती बागेला चालते. हल्लीं बहुतेक बागा डॉगरिज या अमेरिकन जंगली जातीच्या खुंटावर कलम करून लावतात. हा खुंट पाण्याचा ताण आणि कांहीं अंशीं क्षारही सोसतो. मात्र त्याच्या भरंवशावर आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेकडील शेगांव, संग्रामपूर, जळगांव-जामोद या बाजूच्या खारपाणपट्ट्यांत कोणी बाग लावूं नये. तेथें खारेंच पाणी जमिनीखालीं आहे आणि चिकण मातीचा निचराही नाहीं; कोणताही खुंट त्यास पुरा पडणार नाहीं. ही चर्चा घाटावरच्या तालुक्यांपुरती समजावी.

जमीन व हवा अशी अनुकूल असूनही १९९६ पूर्वींची कडवंची म्हणजे जालना जिल्ह्यांतील शेंकडों कोरडवाहू खेड्यांपैकीं एक खेडें होतें. उन्हाळ्यांत टंचाई ठरलेली. त्या वर्षीं खरपुडीच्या कृषि विज्ञान केंद्रामार्फत मराठवाडा शेती सहाय्य मंडळानें तेथें पाणलोटाचें काम हातीं घेतलें. विजयअण्णा बोराडे यांचा त्यांत पुढाकार होता. पैसा नाबार्डच्या द्वारें चालणाऱ्या इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमाचा, आणि गांवाचा वांटा श्रमदानाचा. हें काम २००२ पर्यंत चाललें.

कामांत नवलाचें कांहींच नव्हतें. माथ्यावर सलग समतल चर. ओघळींत दगडी बांध. शेतांत बांधबंदिस्ती आणि जादा पाणी निघण्यास सांडवे. आणि सर्वांत शेवटीं खालीं नाल्यावर मातीचे व सिमेंटचे बंधारे. सारें सामर्थ्य या क्रमांत आहे. पुष्कळ गांवीं लोकांचा ओढा आधीं नाल्यावरच्या बंधाऱ्याकडे असतो, कारण तो दिसतो, त्यावर पाटी लागते आणि त्याचें उद्‌घाटन होतें. वरचे चर व शेतांतले बांध न करतां खालीं बंधारा बांधला तर दोन-तीन पावसाळ्यांत तो गाळानें भरतो. शिवाय बांधबंदिस्ती एका-दोघांच्या शेतांत करून भागत नाहीं. वरच्या शेतकऱ्यानें पाणी अडविलें नाहीं तर तें खालच्याचा बांध फोडून जातें. संपूर्ण खोऱ्यांतील धारकांना एका कामास राजी करणें हें खोदकामाहून अवघड असतें, आणि कडवंचीनें तें साधलें हीच तिची पहिली कमाई होय. दुसरी अशी कीं, योजना संपल्यावर बांध टाकून दिले नाहींत. त्यांची डागडुजी होत राहिली.

या पाण्याचें घडतें काय, हें नीट समजून घेतलें पाहिजे. आपल्या काळ्या पाषाणांत वरचा मुरूम व झिजलेला खडक तेवढा पाणी धरतो. खालचा अखंड खडक जवळजवळ कोरडाच. पाणी धरणाऱ्या थरांतही शंभर घनमीटर खडकांतून विहिरीस फार तर दोन-तीन घनमीटर पाणी मिळतें. म्हणजे आपली भूमि ही मोठी टांकी नसून पातळ स्पंज आहे. तो दरसाल पावसानें भरतो आणि दरसाल रिता होतो. कडवंचीनें तो पुरता भरण्याची तजवीज केली. द्राक्षाचा मोठा विस्तार झाला तो त्यानंतर. २०१२ च्या दुष्काळांत जालना जिल्हा राज्यांतील सर्वांत होरपळलेल्या जिल्ह्यांपैकीं होता. त्याही वर्षीं या खोऱ्यांतील बागा तगल्या, आणि कडवंचीचें नांव सर्वत्र झालें.

तथापि स्पंज कितीही भरला तरी तो एप्रिल-मेपर्यंत पुरत नाहीं. म्हणून दुसरें पाऊल पडलें तें शेततळ्यांचें. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलीं शेंकडों शेततळीं आज या लहानशा खोऱ्यांत आहेत. पाहणारा दिपून जातो, आणि परत येऊन पहिली चौकशी कागदाच्या भावाची करतो. येथें आम्हांस थोडा हिशेब मांडावासा वाटतो.

तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद व तीन मीटर खोल अशा, उतरत्या कडांच्या शेततळ्यांत सुमारें २,२०० घनमीटर पाणी मावतें. नोव्हेंबर ते मे या सात महिन्यांत दिवसास सरासरी सहा मिलिमीटर पाणी उन्हानें उडतें असें धरलें (मे महिन्यांत तें याहून बरेंच जास्त उडतें), तर सव्वा मीटराच्या वर थर हवेंत जातो. तळें रितें होतां होतां पाण्याचा पृष्ठभाग घटतो हें जमेस धरलें तरी सुमारें तिसरा हिस्सा पाणी सूर्याचा. राहिलें चौदा-पंधराशें घनमीटर. आतां बागेची बाजू. ठिबकानें दिवसास सरासरी अवघे दोन मिलिमीटर पाणी दिलें, तरी ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत एका एकरास सुमारें १,९०० घनमीटर लागतें. म्हणजे एवढें एक तळें एक एकर बागेसही एकट्यानें पुरत नाहीं. त्यास विहिरीची जोड लागतेच. ज्यानें तळ्याच्या जोरावर तीन एकर लावले तो उरलेल्या पाण्यासाठीं कोठें जाणार, हें सांगावयास नको.

दुसरा प्रश्न याहून नाजूक. शेततळें भरतें कशानें? उतारावरचें वाहतें पाणी त्यांत घेतलें तर गोष्ट निराळी. परंतु पुष्कळ ठिकाणीं पावसाळ्याच्या शेवटीं विहीर भरलेली असतां तिच्यावर मोटर लावून तळें भरण्याची चाल पडली आहे. ईश्वर काळे यांनीं २०१७ सालीं ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’ या नियतकालिकांतील लेखांत महाराष्ट्रांतील शेततळ्यांच्या याच वापरावर बोट ठेवलें होतें. भूगर्भांतील पाणी शेजाऱ्यांसकट सर्वांच्या विहिरींचें असतें आणि त्यास ऊन लागत नाहीं. तेंच उपसून तळ्यांत आणलें कीं तें एकाच्या मालकीचें होतें आणि त्याचा तिसरा हिस्सा उडूनही जातो. ज्याची विहीर खोल आणि मोटर मोठी, त्याचें तळें आधीं भरणार. कागदाला भांडवल लागतें, तें अल्पभूधारकापाशीं नसतें. सामाईक पाणी खाजगी करण्याचें हें साधन होऊं नये अशी ज्यांची इच्छा असेल त्यांनीं तळें खोदण्यापूर्वींच गांवांत बसून ठरवावें कीं, विहिरीवरून तळें भरावयाचें असेल तर किती, कोणत्या महिन्यापर्यंत, आणि एकरी बाग किती. चर खोदतांना गांव एकत्र येतें आणि उपसा करतांना प्रत्येक जण आपआपल्या बांधाआड जातो, हें सर्वत्र दिसतें. कडवंचीसारख्या खोऱ्यासही हा धोका चुकलेला नाहीं.

आतां एक गोष्ट मद्याच्या द्राक्षांविषयीं. कारण बाग म्हटली कीं कोणी तरी वाइनचा विषय काढतोच. महाराष्ट्रांत हा धंदा १९८२ सालीं श्यामराव चौगुले यांनीं नारायणगांवास सुरू केला. नाशिकला राजीव सामंत यांच्या सुला कारखान्याची पहिली वाइन २००० सालीं बाजारांत आली. २००१ सालीं राज्य सरकारनें द्राक्षप्रक्रिया धोरण काढून सवलती दिल्या, आणि पुढील कांहीं वर्षांत कारखाने भराभर निघाले. ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नांवास भौगोलिक मानांकनही मिळालें आहे. हें सर्व कौतुकास्पद खरें. परंतु शेतकऱ्यानें त्याची दुसरी बाजू पाहावी. वाइनचीं द्राक्षें म्हणजे शिराझ, कॅबरने सोव्हिन्यों, शेनिन ब्लांक असले वाण. मणी लहान, साल जाड, आंत बिया. साखर २२-२४ अंश ब्रिक्सपर्यंत न्यावयाची, आणि दर्जासाठीं एकरी उत्पन्न मुद्दाम कमी ठेवावयाचें. खाण्याच्या बाजारांत हीं द्राक्षें कोणी विचारीत नाहीं, बेदाण्यास तीं चालत नाहींत. गिऱ्हाईक एकच, तो कारखाना. २००८ नंतर जगभर मंदी आली, वाइनचा खप बसला, आणि कराराची द्राक्षें उचलली न गेल्यामुळें अनेकांनीं उभ्या बागा उपटल्या. कडवंचीनें थॉम्सन व तिच्या निवडीचे वाण धरले. तीं द्राक्षें मुंबई-नागपूरच्या बाजारांत जातात, भाव पडला तर बेदाणा होतो. जवळपास कारखाना नसतां, लेखी करार नसतां, केवळ ऐकीव गोष्टींवर वाइनचे वाण लावणें हें आमच्या मतें धाडस नसून जुगार आहे.

आमच्या घाटावरच्या तालुक्यांस हें सर्व लागू पडतें काय? जमीन व हवा यांपुरतें पडतें. पाणी अडविण्याची बुद्धि तर या भूमींत जुनीच आहे. सिंदखेडराजा येथील जाधवांच्या काळचे मोती तलाव व चांदणी तलाव आजही त्याची साक्ष देतात, आणि तेथील पुतळा बारव पाहण्यास लांबलांबचे लोक येतात. परंतु तलाव गांवाशीं असतात आणि बाग उतारावर व्हावयाची. मधल्या शेतांतून पाणी थांबलें पाहिजे. ज्या गांवीं माथ्यावरचे चर बुजलेले आहेत, बांध नांगरून सपाट केले आहेत आणि जानेवारींतच विहिरी आटतात, तेथें एकट्यादुकट्यानें कर्ज काढून मांडव उभा करूं नये. मांडव, तारा, ठिबक, कलमें यांचा खर्च पहिल्याच वर्षीं होतो. पीक दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीं येतें. आणि त्या दरम्यान एक कोरडा उन्हाळा हमखास येतो. अशा गांवानें पहिलीं चार-पांच वर्षें चर, बांध व बंधारे यांवर घालवावीं, विहिरींच्या पातळीची दरमहा नोंद ठेवावी, आणि मेअखेर विहिरींत पाणी दिसूं लागलें म्हणजे प्रथम अर्धा एकर लावून पाहावें.

ज्यांना कडवंचीस जाऊन यावयाचें असेल त्यांनीं फेब्रुवारींत जाऊं नये. त्या वेळीं घड लोंबत असतात आणि पाहणाऱ्याचें भान राहत नाहीं. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यांत जावें. बरोबर दोरी घ्यावी. आधीं माथ्यावर चढून चर पाहावे, तेथून बांधाबांधानें खालीं यावें, वाटेंत लागणाऱ्या प्रत्येक विहिरींत दोरी सोडून पाणी मोजावें, शेततळें कशानें भरलें तें मालकास विचारावें, आणि मग वेळ उरल्यास बागेंत शिरावें.